‘बंद करून चालू करा’ ही दुरुस्ती नव्हे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत मी गेली २२ वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेली सॉफ्टवेअरं दुरुस्त करत फिरतोय. पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संकलन केंद्रं, हळदीच्या अडती, बेदाण्याची कोल्ड स्टोअरेजेस, खत-बियाण्यांची दुकानं. सगळीकडे चित्र एकच. टेबलावर संगणक, संगणकात फॉक्सप्रो, व्हिज्युअल बेसिक नाहीतर डॉट नेटमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम, आणि शेजारच्या भिंतीवर बॉलपेनने लिहिलेला सॉफ्टवेअरवाल्याचा मोबाइल नंबर. त्या नंबरावर फोन लावला की येणारं उत्तर या २२ वर्षांत बदललेलं नाही : “बंद करून चालू करा.”

हे उत्तर म्हणजे कामचुकारपणा आहे. बंद करून चालू केल्यावर बिघाड दिसेनासा होतो, पण त्याचं कारण जागेवरच राहतं. ते पुन्हा उगवतं तेव्हा सॉफ्टवेअरवाला दुसऱ्या गावात असतो आणि शिव्या खातो काउंटरवरचा क्लार्क. कारण न शोधता केलेल्या दुरुस्तीची किंमत नेहमी सर्वांत खालच्या खुर्चीवरचा माणूस मोजतो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता सौम्य शब्दांत बोलायची इच्छा उरलेली नाही.

एक प्रकरण सविस्तर सांगतो. कऱ्हाड तालुक्यातली एक पतसंस्था, वर्ष २०१६. एप्रिलमध्ये कर्जवसुलीच्या काउंटरवर नवा संगणक आला. पावसाळ्यात तक्रारी सुरू झाल्या. एका कर्जदाराला व्याज जास्त लागलं, दुसऱ्याला कमी. एक लाखाचं कर्ज, दर १४ टक्के, आणि आकारणीत २९ दिवस जादा धरलेले, म्हणजे १,११२ रुपये फुकटचे. ज्याला जास्त लागलं तो भांडायला आला. ज्याला कमी लागलं तो नेमका क्लार्कबाईंच्या भावकीतला निघाला. मग काय, गावाला तेवढं पुरे. ताई ओळखीच्यांना सूट देतात अशी कुजबुज सुरू झाली आणि विषय संचालक मंडळापर्यंत गेला. सॉफ्टवेअरवाल्याने दोन महिन्यांत फोनवरून चार सल्ले दिले : बंद करून चालू करा, अँटिव्हायरस काढा, फॉरमॅट मारा, एंट्री नीट करायला शिकवा. चौथा सल्ला त्याने चेअरमनना दिला होता.

मी गेलो तेव्हा ताई कपाटातून रजिस्टर काढून माझ्यासमोर ठेवत म्हणाल्या, “दादा, माझ्या हातनं काय चुकतंय तेवढं सांगा. पण मी पैशाला हात लावल्याला न्हाई.”

संगणक चालूच केला नाही. पेन्सिल घेतली आणि चुकलेल्या नोंदी एका कागदावर उतरवायला लागलो : हप्ता कोणत्या तारखेचा, कोणत्या काउंटरवर भरला, आकारणीत किती दिवस धरले. ३७ नोंदी निघाल्या. सगळ्या एकाच काउंटरच्या, नव्या संगणकावरच्या. आणि त्यांतली एकही नोंद महिन्याच्या १२ तारखेनंतरची नव्हती. १३ तारखेपासून पुढचं सगळं बिनचूक.

तो कागद पाहिल्यावर कारण वेगळं शोधायची गरज राहिली नाही. नव्या संगणकावर विंडोजची तारीख अमेरिकन पद्धतीवर होती, म्हणजे आधी महिना, मग दिवस. प्रोग्रॅम चौकटीत टाइप केलेली तारीख जशीच्या तशी विंडोजच्या हवाली करत होता. ताईंनी ०५/०४ टाइप केलं, म्हणजे ५ एप्रिल. संगणकाने घेतलं ४ मे. तिथेच २९ दिवस वाढले. ०५/०६ टाइप केलं की ५ जूनचा ६ मे होई, तिथे दिवस कमी भरत. आणि १३/०४ टाइप केलं की तेरावा महिना नसल्यामुळे व्हिज्युअल बेसिक गुपचूप आकडे उलटे करून १३ एप्रिल घेई, तेही एका शब्दाने न सांगता. रोखीची किर्द संगणकाच्या घड्याळावरून चालत होती, म्हणून रोजची शिल्लक जुळत होती. कर्जाचं खातं टाइप केलेल्या तारखेवर चालत होतं, म्हणून व्याज बिघडत होतं. पूर्ण चुकणारं यंत्र पहिल्या दिवशी पकडलं जातं. अर्धं चुकणारं यंत्र माणसाला चोर ठरवतं.

विंडोजचं सेटिंग बदलायला दोन मिनिटं लागली. पण ही दुरुस्ती नव्हती. खरी दुरुस्ती प्रोग्रॅममध्ये करायची होती : दिवस, महिना, वर्ष प्रोग्रॅमने स्वतः वेगळे करून घ्यायचे, डेटाबेसकडे मजकूर म्हणून न पाठवता तारीख म्हणून पाठवायचे, आणि स्क्रीनवर महिना अक्षरांत दाखवायचा. सोर्स कोड संस्थेकडे नव्हता. तो ज्याच्याकडे होता त्याचं म्हणणं, “सेटिंग बदललं ना, मग झालं की.” पुढच्या वर्षी दुसऱ्या काउंटरवर नवा संगणक आला आणि हाच घोळ पुन्हा झाला. ताईंवरच्या संशयाबद्दल मंडळाने दिलगिरीचा ठराव केला नाही. सॉफ्टवेअरवाल्याचा वार्षिक देखभालीचा चेक मात्र वेळेवर गेला.

तारखेचा घोळ एरर न देता होत होता. पण एरर देणारे बिघाडही महिनोन्महिने का लांबतात, त्याचं उत्तर एका ओळीत आहे. पुढे कधीतरी त्या प्रोग्रॅमचा कोड माझ्यासमोर आला. त्यातल्या प्रत्येक प्रोसिजरच्या डोक्यावर लिहिलं होतं : ‘ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट’. व्हिज्युअल बेसिकमध्ये या ओळीचा अर्थ असा की काहीही चुकलं तरी थांबू नकोस, कुणाला सांगू नकोस, पुढच्या ओळीवर जा. डॉट नेट आलं तेव्हा हीच सवय रिकाम्या ‘कॅच’च्या रूपाने तिकडे गेली. एरर पकडायची आणि कंसात काहीच लिहायचं नाही. ग्राहकाला लाल चौकट दिसत नाही, फोन येत नाही, प्रोग्रॅमरची झोप मोडत नाही. आत मात्र हिशेब सडत जातो.

ही ओळ मीही लिहिली आहे. २००४ साली, घाईत, बिल काढायच्या दिवशी. त्या प्रोग्रॅमने एका दुकानदाराच्या स्टॉकच्या नोंदी सहा महिने गाळल्या, आणि मला ते कळलं ऑडिटच्या वेळी. त्या दुकानदारासमोर मी मान खाली घालून उभा होतो, ते मी विसरलेलो नाही. म्हणून आज अधिकाराने सांगतो : एरर हा साक्षीदार आहे. त्याचं तोंड दाबणारा प्रोग्रॅमर गुन्ह्यात सामील आहे. एरर पकडली तर ती फाइलमध्ये लिहा. तारीख, वेळ, कोणता फॉर्म, कोणती ओळ, कोणता आकडा. एवढं लिहायला दहा ओळींचा कोड पुरतो. या दहा ओळी ज्याने लिहिल्या नाहीत त्याला बिघाड शोधायचाच नाही, असं मी समजतो.

दूध संकलन केंद्रावर चला. पहाटे साडेपाचची वेळ, किटल्या घेऊन रांग लागलेली. वजनकाटा सिरियल केबलने संगणकाला जोडलेला. मध्येच स्क्रीन पांढरी पडते, वर ‘नॉट रिस्पाँडिंग’ येतं, ऑपरेटर बटण दाबून मशीन बंद करतो, रांग थांबते. कारण साधं आहे. प्रोग्रॅमचा जो धागा (‘थ्रेड’) स्क्रीन रंगवतो त्याच धाग्याला काट्याची वाट बघत बसवलेलं असतं. काट्याकडून आकडा येईपर्यंत तो स्क्रीनकडे बघूच शकत नाही. वाचनाचं काम वेगळ्या धाग्यावर द्यायला हवं. काही जणांनी दिलं. मग डॉट नेटने बजावलं की एका धाग्याने तयार केलेल्या चौकटीला दुसऱ्या धाग्याने हात लावू नये, निरोप पाठवून काम करवून घ्यावं. या इशाऱ्यावर आपल्या लोकांनी काय केलं? तो इशाराच बंद करायचं एक सेटिंग आहे, ते बंद केलं. असे प्रोग्रॅम मी स्वतः उघडून पाहिलेत. धुराची घंटा वाजते म्हणून घंटेची वायर कापायची, अशातलं हे काम.

त्याहून मोठं पाप पुढे आहे. सिरियल केबलवरून आकडा अखंड येईल अशी हमी नसते. १२.४५ हा आकडा दोन तुकड्यांत येऊ शकतो, आधी ‘१’, मग ‘२.४५’. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत तुकडे गोळा करायचे आणि मगच आकडा धरायचा, हा या कामातला पहिला धडा. तो ज्याने पाळला नाही त्याच्या प्रोग्रॅममध्ये एखाद्या पहाटे १२.४५ लिटरचे २.४५ लिटर होतात. शेतकऱ्याचं दहा लिटर दूध केबलमध्येच जातं. त्याने आवाज केला तर पावती बदलून मिळते. ज्या म्हातारीला वाचता येत नाही तिला काय मिळतं?

मग बिल निघतं आणि पैशापैशाची तक्रार येते. पावतीवर ६२ रुपये १३ पैसे, खात्यावर ६२ रुपये १२ पैसे. लोक म्हणतात संगणक चुकत नाही, म्हणजे सचिव खातो. खरं कारण असं : मूळ रक्कम ६२.१२५. व्हिज्युअल बेसिकचं ‘राउंड’ हे फंक्शन अर्ध्यावर आलं की जवळच्या सम आकड्याकडे जातं, म्हणून १२ पैसे. त्याच भाषेतलं ‘फॉरमॅट’ शाळेत शिकवल्यासारखं वर नेतं, म्हणून १३. एकाच प्रोग्रॅममध्ये छपाईला एक फंक्शन वापरलं, साठवायला दुसरं. दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर. चूक त्या माणसाची, ज्याने नियम न वाचता दोन्ही वापरली. डॉट नेटमध्येही आपण वेगळं सांगितलं नाही तर ‘राउंड’ सम आकड्याकडेच जातं. हे सगळं मायक्रोसॉफ्टने लिहून ठेवलेलं आहे. वाचायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांच्या आळसापायी एखाद्या सचिवाची गावातली अब्रू जाते.

आता भाषेकडे येतो, कारण इथे आपण आपल्याच नावांशी बेइमानी करतो. कऱ्हाड हा शब्द घ्या. त्यातला ऱ संगणकात तीन तऱ्हांनी भरता येतो. युनिकोडमधलं ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, साध्या ‘र’खाली नुक्ता देऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. स्क्रीनवर तिन्ही सारखे दिसतात. संगणकाला ते तीन वेगळे शब्द वाटतात. शिवाय ‘कराड’ हे रूप आहेच. एका संस्थेत मी सभासदांची गावनिहाय यादी काढली तर हे एकच गाव चार ठिकाणी आलं आणि चारही ठिकाणची बेरीज वेगळी. ‘ॲड.’ या साध्या उपाधीचंही तसंच. २००८ साली ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतःचं घर मिळालं, त्याआधीचे लोक ‘अ’वर चंद्र चढवत होते. नोंद साठवण्यापूर्वी सगळी रूपं एका रूपात आणायची, हे काम प्रोग्रॅमचं आहे. ते न करता क्लार्कला “स्पेलिंग सारखं टाका” म्हणून दरडावणारे मी ऐकलेत. क्लार्कला ती रूपं डोळ्यांनी सारखीच दिसतात. त्याने काय करायचं?

आणि ती प्रश्नचिन्हं. सभासदाचं नाव मराठीत टाइप करून साठवलं आणि उघडल्यावर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. डेटाबेसमध्ये रकाना ‘व्हारचार’ ठेवला, ‘एनव्हारचार’ ठेवला नाही, किंवा मजकुरापुढे ‘एन’ लावायचं विसरलं, की हे होतं. एकदा प्रश्नचिन्ह साठवलं गेलं की मूळ नाव कायमचं गेलं. कोणतंही बटण ते परत आणत नाही. जुन्या व्हिज्युअल बेसिकच्या चौकटी तर युनिकोड दाखवूच शकत नव्हत्या, म्हणून आपण वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाँटांत मराठी कोंबली. फाँट नसलेल्या मशीनवर ती इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन येते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. विंडोज २००० पासून विंडोजमध्ये आहे. आज नवा प्रोग्रॅम लिहिताना कुणी प्रश्नचिन्हं देत असेल तर त्याला माफी नाही.

अजून एक नेहमीचं प्रकरण. “सकाळच्या माणसाची एंट्री दुपारच्या माणसाला दिसत नाही.” साध्या वापरकर्त्याला ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहिता येत नाही. जुना प्रोग्रॅम अडू नये म्हणून, २००७ साली व्हिस्टा आलं तेव्हापासून, विंडोज त्याचं लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या फोल्डरात वळवतं. म्हणजे दोन लॉगिन, दोन डेटाबेस, दोन हिशेब. उपाय सोपा आहे : डेटा प्रोग्रॅमच्या फोल्डरात ठेवायचाच नाही, सामाईक डेटाच्या फोल्डरात ठेवायचा. पण आपल्याकडचा सर्वमान्य उपाय कोणता? राइट क्लिक करा, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करा. म्हणजे कपाटाचं दार नीट लागत नाही म्हणून सगळ्या शाखेला तिजोरीची किल्ली वाटायची.

यावर माझ्या धंद्यातल्या मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं : “फ्रेमवर्कच जुनं झालंय, आम्ही काय करणार?” या म्हणण्यात काही खरं आहे, ते मान्य करतो. मायक्रोसॉफ्टने लोकांना वाटेवर आणलं आणि वाट मध्येच बंद केली, हे अनेकदा झालं. व्हिज्युअल बेसिक ६ आलं १९९८ साली, त्याचा आधार संपला २००८ साली. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती शेवटची ठरली आणि जानेवारी २०१५ मध्ये तीही वाऱ्यावर सोडली गेली. सिल्व्हरलाइट २००७ साली गाजावाजात आलं आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये संपलं. गावातल्या प्रोग्रॅमरने दर पाच वर्षांनी नवी भाषा शिकावी आणि ग्राहकाने मात्र जुन्याच दराने पैसे द्यावेत, ही ओढाताण खरी आहे.

पण जुन्या चौकटींतला फाँटांचा चिवडा सोडला, तर वर सांगितलेल्या बिघाडांतला एक तरी जुनेपणामुळे झालाय का? व्हिज्युअल बेसिक ६ चे प्रोग्रॅम विंडोज ११ वर आजही चालतात. विंडोज फॉर्म्स २००२ पासून आहेत आणि आजच्या डॉट नेटमध्येही आहेत. त्याच पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवाल्याने पुढे सगळं नव्या फ्रेमवर्कमध्ये लिहिलं, नवे आयकॉन आले, नवं बिल आलं. आणि तारीख? ती अजूनही मजकूर म्हणूनच जात होती. फ्रेमवर्क बदलल्याने सवय बदलत नाही.

ही सवय किती लांब जाऊ शकते ते ब्रिटनने पाहिलं. तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबाची प्रणाली बसवली. ती बनवणारी कंपनी फुजित्सु. खेड्यापाड्यांतल्या उपपोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली. मदतीसाठी फोन केला तर अनेकांना सांगण्यात आलं की हा त्रास फक्त तुम्हालाच होतोय. तूट खिशातून भरायला लावली, खटले भरले. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक माणसं दोषी ठरली, काही तुरुंगात गेली, काहींनी जीव दिला. माजी उपपोस्टमास्तर ॲलन बेट्स यांच्या पुढाकाराने ५५५ जण न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला की दोष प्रणालीत होते. २०२४ साली संसदेला कायदा करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या. प्रणाली चुकते हे मान्य करायला एका प्रगत देशाला वीस वर्षं लागली. कऱ्हाड तालुक्यातल्या त्या ताई आणि ते उपपोस्टमास्तर यांच्यात मला काडीचा फरक दिसत नाही. ताईंच्या मागे ५५५ माणसं नव्हती, एवढंच.

आणि आता हा धोका वाढणार आहे. २०२२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने देशातल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटींची योजना मंजूर केली. गावची सोसायटी संगणकावर यायलाच हवी, मी त्याच्या बाजूचा आहे. पण ज्या सचिवासमोर हा संगणक ठेवला जाईल त्याला बिघाडाच्या वेळी कोण विचारणार?

संचालक मंडळांनाही सोडणार नाही. तुम्ही ट्रॅक्टर घेताना टायर दाबून बघता, बैल घेताना दात मोजता. सॉफ्टवेअर घेताना मात्र तीन कोटेशनं मागवता आणि सर्वांत कमी आकड्यावर सही करता. सोर्स कोडची एक प्रत संस्थेच्या तिजोरीत राहील, अशी अट करारात घालत नाही. बॅकअप परत चढवून दाखव, असं एकदाही म्हणत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णा नदी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरल्यावर मी एका दुकानात गेलो. बॅकअप रोज घेतला जात होता, पण त्याच संगणकाच्या ‘डी’ ड्राइव्हवर. चिखलातून काढलेल्या त्या एका डिस्कमध्ये मूळ हिशेबही होता आणि त्याची प्रतही. दोन्ही गेले.

शिकवणाऱ्यांनाही सांगायचंय. दरवर्षी या दोन जिल्ह्यांतून शेकडो मुलं संगणकाची पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांना नवा प्रोग्रॅम लिहिता येतो. दुसऱ्याचा बिघडलेला प्रोग्रॅम समोर ठेवला की ती गोठतात, कारण चार वर्षांत तसा प्रोग्रॅम कुणी त्यांच्यासमोर ठेवलेलाच नसतो. प्रात्यक्षिक परीक्षेत एक चालता प्रोग्रॅम पाठ करून लिहायचा, आउटपुट छापायचं, जर्नलवर सही घ्यायची. निदान एक पेपर असा ठेवा ज्यात बिघाड पेरलेला कोड द्याल आणि फक्त कारण विचाराल.

बिघाड शोधण्याची विद्या आपल्या भागाला परकी नाही. १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथे लोखंडी नांगर बनू लागले, तेव्हापासून या मातीतल्या माणसाच्या हाताला यंत्राची सवय आहे. आजही विहिरीवरची मोटार बंद पडली की गावचा वायरमन आधी तीनही फेज येतात का बघतो. मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल, शेवटी वाइंडिंग. एका वेळी एकच भाग बदलतो आणि चालवून बघतो. सगळे भाग एकदम बदलून “झालं काम” म्हणत नाही, कारण मग बिघाड कशात होता ते त्यालाच कळणार नाही. ज्याला ही शिस्त नाही त्याला शेतकरी पुन्हा मळ्यात येऊ देत नाही. “फॉरमॅट मारा” सांगणाऱ्या पदवीधराला आपण का येऊ देतो?

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो, बिघाडाचा फोन आला की पहिला प्रश्न एकच विचारा : नेमकं काय केल्यावर होतं? तुमच्या मशीनवर तो बिघाड मुद्दाम घडवून आणता येईपर्यंत एक ओळही बदलू नका. घडवता आला की निम्मं काम झालं. कुठे होतो आणि कुठे होत नाही, कधीपासून, मधल्या काळात काय बदललं, हे कागदावर मांडा. एका वेळी एकच गोष्ट बदला. कारण सापडलं की ते ग्राहकाला मराठीत लिहून द्या, चूक तुमची असली तरी, किंबहुना तुमची असेल तर आधी. आणि कारण कळेपर्यंत काउंटरवरच्या माणसाकडे बोट दाखवू नका.

आणि काउंटरवर बसणाऱ्या प्रत्येक क्लार्कला, सचिवाला, ऑपरेटरला माझी विनंती. पुढच्या वेळी फोनवरून कुणी “बंद करून चालू करा” म्हणालं, तर बंद करण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा. त्याखाली तारीख, वेळ आणि तुम्ही काय करत होता ते वहीत लिहा. मग त्या माणसाकडे कारण लेखी मागा. ते येईपर्यंत फरकाचा एक रुपयाही स्वतःच्या खिशातून भरू नका.